पिणारा माल

सोमा गायकरनं आयुष्यभर चिनी मातीवर संशय घेतला आणि त्याबद्दल त्याला दरमहा पगार मिळाला. अंबरनाथच्या एमआयडीसीत विजेच्या खांबांवर बसवायचे चिनी मातीचे इन्सुलेटर करणारा एक कारखाना होता. तिथल्या तपासणी खात्यात सोमा मिसरूड फुटताना लागला आणि टक्कल पडल्यावर निवृत्त झाला. बापाची जमीन एमआयडीसीत गेली, तिच्या बदल्यात मिळालेली ही नोकरी. पण बदल्यात मिळालेल्या वस्तूशी माणसं वागतात तसा तो तिच्याशी कधी वागला नाही. डोळ्यात तेल घालून त्यानं ती केली.

तपासणी म्हणजे काय, तर भट्टीतून निघालेल्या मालातला एखादा पीस उचलायचा, फोडायचा आणि त्याचे तुकडे रंगीत पाण्यात दाबाखाली ठेवायचे. मग ते तुकडे पुन्हा फोडून आत बघायचं. रंग वरच्या वर राहिला तर माल पास. आत उतरला तर माल 'पितो', म्हणजे त्याच्या अंगात बारीक भोकं आहेत, खांबावर तो पावसाचं पाणी पिणार आणि एक दिवस फुटणार. त्या खात्यात 'पितो' या शब्दाइतका वाईट शब्द नव्हता. बाहेरच्या माणसाची त्यामुळे फार पंचाईत व्हायची. एकदा नव्या मॅनेजरनं 'मागची भट्टी सगळी पिते' हे सोमाचं वाक्य ऐकलं आणि भट्टीवरच्या कामगारांची तोंडं हुंगायला माणूस पाठवला.

निवृत्त झाल्यावर हुद्दा गेला, पण खोड राहिली. लग्नाच्या पंगतीत बसला तरी हा गृहस्थ बशी उलटी करून बघणार, कपाच्या काठावर नखानं टिचकी मारून आवाज ऐकणार आणि मान हलवणार. त्याची बायको रखमा शेजारी बसून लाजेनं अर्धी व्हायची. "लग्नाला आलाव की ड्युटीवर?" असं ती दबक्या आवाजात विचारायची. सोमा कप खाली ठेवायचा आणि तिची नजर वळली की पुन्हा उचलायचा.

या रखमाचा पाय मोडला. मोडायला काही घडलंसुद्धा नाही. अंबरनाथ पूर्वेला भाजी घेऊन ती शेअर रिक्षातून उतरली, पाऊल फरशीच्या फटीत पडलं, गुडघा वाकडा झाला आणि ती जागच्या जागी खाली बसली, ती उठलीच नाही. पिशवीतले टोमॅटोसुद्धा फुटले नव्हते. बदलापूरला मांजर्लीत दिलेली लेक संध्या धावत आली, आणि तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून आईला उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका हाडांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथली डॉक्टर नीलिमा ही पस्तिशीची, कमी बोलणारी बाई होती. तिनं एक्स-रेचा फोटो प्रकाशासमोर धरला. गुडघ्याच्या खालच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, तो एका बाजूनं आत खचला होता.

"एवढ्याशानं असं व्हायला नको होतं," ती म्हणाली. "काकूंची हाडं आतून विरळ झालीयेत. ऑस्टिओपोरोसिस. या वयात बायकांना होतो."

सोमाला हे अपमानास्पद वाटलं. त्यानं डॉक्टरला ऐकवलं की या बाईनं तरुणपणी डोक्यावरून भाताचे भारे वाहिलेत, आणि आयुष्यभर सुकट, बोंबील, करंदी खाल्लीय. तिची हाडं विरळ कशी होतील? डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि तरी ती विरळच आहेत असं सांगितलं.

मग तिनं ऑपरेशन समजावलं. खचलेला भाग खालून ढकलून पुन्हा वर आणायचा. तो वर आला की त्याच्याखाली पोकळी राहते. ती भरली नाही तर भाग पुन्हा खचतो, गुडघा वाकडा होतो आणि माणूस कायमचं लंगडतं, किंवा उठतच नाही. सूज उतरली की करायचं, पण फार उशीर करायचा नाही, कारण हाड वाकडंच जुळायला लागतं.

"पोकळीत काय भरणार?" सोमानं विचारलं.

"सिरॅमिक."

पाय मोडल्यापासून पहिल्यांदा सोमाचा चेहरा खुलला. तो खुर्चीत पुढे सरकला. "सिरॅमिक? म्हणजे आमचाच माल!" आणि मग डॉक्टरला भट्टी, माती, तापमान यांवर पुष्कळ काही ऐकावं लागलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी तिनं कपाटातून एक छोटी पांढरी वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. कंपनीवाल्यानं दाखवायला दिलेली होती, वापरायची नव्हती. सोमानं ती खिशात घातली आणि इतका खूश झाला, की जिना उतरताना मोडक्या पायाच्या बायकोला स्ट्रेचरवरून कोण नेतंय हेही त्यानं बघितलं नाही.

घरी आल्यावर त्यानं काय केलं, हे सांगायची गरज आहे का? बाहेरच्या खोलीत पलंगावर रखमा पायाला प्लास्टरची पट्टी बांधून पडली होती. तिच्यासमोर त्यानं वाटीत पाणी घेतलं, त्यात कपड्याला घालायची नीळ कालवली आणि वडी आत सोडली. वडीतून बारीक बुडबुडे आले. पाण्याची पातळी दिसेल इतकी उतरली. सोमानं वडी बाहेर काढली, वर्तमानपत्रावर ठेवून बत्त्यानं फोडली आणि बघत राहिला. ती आरपार निळी झाली होती.

"काय झाला?" रखमानं विचारलं.

"पितो," सोमा म्हणाला. "नुसता पित नाय, ढोसतो."

त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा पिणारा माल त्यानं पाहिला नव्हता. हा माल खांबावर चढवायच्या लायकीचा नव्हता आणि ही डॉक्टरबाई तो रखमाच्या पायात भरणार होती, आणि रखमाच्या वजनाखाली त्याचा भुगा होणार होता. त्यानं लगेच संध्याला फोन लावून सांगितलं, की ऑपरेशन रद्द.

संध्यानं आधी समजावलं, मग ती ओरडली, मग रडली. सोमा हलला नाही. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तो स्वतः ती कुणाला सांगणार नव्हता. सोमा घाबरला होता. कारखान्यातून पास झालेला माल ट्रकमध्ये चढायचा आणि कुठल्यातरी राज्यातल्या कुठल्यातरी खांबावर जायचा, तो पुन्हा डोळ्यांसमोर यायचा नाही. हा माल घरात राहणार होता. तो फुटला तर रोज सकाळी समोर पलंगावर दिसणार होता. रखमाशिवाय सोमाला आपल्या बनियनचा कप्पासुद्धा ठाऊक नव्हता, आणि ती उठली नाही तर आपलं काय होईल हा विचार त्याला सोडत नव्हता. ही भीती दाखवायला त्याच्यापाशी तपासणी सोडून दुसरी भाषा नव्हती.

सूज उतरली का हे दाखवायला संध्यानं रखमाला पुन्हा कॅम्प दोनला नेलं, तेव्हा सोमानं कागदात गुंडाळलेले निळे तुकडे डॉक्टरच्या टेबलावर ठेवले.

"मॅडम, माल रिजेक्ट आहे."

डॉक्टरनं तुकडे बघितले. ती हसली नाही, हे तिचे उपकार. "काका, त्याला भोकं मुद्दाम ठेवलेली असतात."

"मुद्दाम?"

"रक्त आत शिरायला पाहिजे. रक्ताबरोबर हाड तयार करणाऱ्या पेशी आत जातात आणि त्या भोकांत नवीन हाड धरायला लागतं. जसजसं हाड भरतं, तसतसं हे सिरॅमिक विरघळत जातं. शेवटी बरंचसं निघून जातं."

सोमाचा आता खरोखरच पारा चढला. पिणारा माल एक वेळ समजू शकतो, पण विरघळणारा? "विरघळणारं सिरॅमिक म्हणजे काय, मॅडम? मग साखरच भरा ना!" त्याचं म्हणणं असं, की रखमाच्याच कमरेचं हाड काढा आणि पोकळीत घाला. घरचं आहे, खात्रीचं आहे.

"कमरेचं हाडही तसंच विरळ आहे," डॉक्टर म्हणाली. "शिवाय तिथे दुसरी जखम होणार. या वयात मला ते नकोय."

"मग मलाही हे नको."

संध्या म्हणाली, "पप्पा, प्लीज." डॉक्टर म्हणाली, "उशीर होतोय, काका." सोमा म्हणाला, माझ्या हातून असा पीस कधी गेटबाहेर गेलेला नाही. असं बराच वेळ चाललं. तिघांनी एकमेकांना आपापलं म्हणणं दोन-दोनदा सांगितलं, आणि ज्या पायाबद्दल ते चाललं होतं तो पाय शेजारच्या व्हीलचेअरवर पुढे सरळ करून ठेवलेला होता.

"मॅडम," रखमा म्हणाली.

सगळे थांबले. दवाखान्यात आल्यापासून ती पाणी मागण्यापलीकडे काही बोलली नव्हती.

"ते पिनार ते माजाच रगत ना?"

"हो, काकू. तुमचंच."

"मंग पिऊ दे की. कोन परका हाय?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आनि तुमी. तुमचा माल खांबावर ऱ्हायचा. त्यो काय कुठं चालाला जायचा नाय. मना चालाचा हाय. पाय माजा हाय, सही मी करतंय."

सही नवऱ्याची लागते, अशी सोमाची समजूत होती. नर्सनं कागद सरळ रखमाच्या मांडीवर ठेवला, तेव्हा ती समजूत कुणी खोडून काढायचीही गरज उरली नाही. रखमानं जीभ ओठांत धरून सावकाश आपलं नाव लिहिलं.

ऑपरेशन नीट झालं. खचलेला भाग वर आला, बाजूला पट्टी आणि स्क्रू बसले, पोकळीत पांढरे दाणे भरले गेले. फोटोत ते दाणे भाताच्या शितांसारखे वेगवेगळे दिसत होते. सोमानं तो फोटो घरी आणला आणि खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावून टाकला. बायकोनं त्याचा निर्णय डावलला होता याचा राग त्यानं दोन दिवस धरला, पण ती शुद्धीवर येऊन 'भात खाल्लाव का?' म्हणाली तेव्हाच तो अर्धा विरला होता. उरलेला अर्धा त्यानं चौकीदारीत घातला.

कारण माल त्याच्या सहीशिवाय आत गेला असला, तरी आता तो टिकवणं त्याच्या हातात होतं. पहिले काही आठवडे पाय टेकवायचाच नव्हता, त्यामुळे त्याचं आणि डॉक्टरचं एकमत होतं. कॅल्शियमची गोळी, हाडांसाठीची आठवड्याची गोळी, दूध, सगळं तो वेळच्या वेळी देत होता. घरातली पायपुसणी त्यानं गुंडाळून माळ्यावर टाकली. भात तो स्वतः लावायचा, आणि तो कसा व्हायचा ते रखमा कुणाला सांगत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाली, "आता हळूहळू पूर्ण वजन टाका. वॉकर घेऊन सुरुवात करा, मग सोडून द्या." या वाक्यातला 'हळूहळू' तेवढा सोमानं घरी आणला. पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेही वॉकर धरून आणि त्यानं मागून कंबर धरून, एवढंच तो चालू द्यायचा. रखमा म्हणाली, मॅडमनी सांगितलंय. तो म्हणाला, मॅडमला काय जातंय सांगायला. संध्यानं फोनवर हुज्जत घातली, तर तिला म्हणाला, तू मांजर्लीत बसून इथली काळजी करू नकोस. रोज सकाळी तो मासळी बाजाराला जायचा, येताना स्टेशनजवळ जुन्या सोबत्यांशी गप्पा मारायचा आणि परत आला की दार उघडून आधी पलंगाकडे बघायचा. रखमा तो सोडून गेला होता तिथेच बसलेली असायची. वॉकरही तिथेच. ते बघून त्याला फार बरं वाटायचं. माळ्यावरचा सुकटीचा डबा एक दिवस खाली ओट्यावर दिसला तेव्हा संध्या येऊन गेली असेल असं त्याला वाटलं, आणि रखमानं त्यावर काही म्हटलं नाही.

पुढच्या तपासणीला ते गेले तेव्हा पावसाळा उलटून थंडी लागली होती. नवा फोटो निघाला. सोमानं खिडकीवरून काढून आणलेला जुना फोटो डॉक्टरनं त्याच्याशेजारी लावला आणि सोमा उठून जवळ गेला. पांढरे दाणे पुसट झाले होते. काही तर दिसतच नव्हते. कडांना धुकं आल्यासारखं झालं होतं.

"मॅडम, माल गेला," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं."

"गेलाच पाहिजे, काका. तो गेला तिथे काय आलंय ते बघा." तिनं पेननं दाखवलं. पुसट झालेल्या दाण्यांमधून बारीक रेघा गेल्या होत्या, खालच्या हाडातून वर, आडव्या-उभ्या. "हे काकूंचं स्वतःचं हाड आहे. फार छान भरलंय. खरं सांगू, मला एवढ्या लवकर अपेक्षा नव्हती. रोज किती चालता, काकू?"

"चालत नाय," सोमानं उत्तर दिलं. त्यात थोडा अभिमानही होता. "मी चालूच देत नाय. बाथरूमपर्यंत फक्त."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "असं कसं होईल? वजन पडल्याशिवाय हाड असं धरत नाही. पाय नुसता ठेवून दिला असता तर सिरॅमिक विरघळलं असतं आणि जागा रिकामीच राहिली असती. मग भाग पुन्हा खचला असता." ती सोमाकडे बघत होती, पण विचारलं तिनं रखमाला. "काकू?"

रखमानं पदर नीट केला. "चालतंय मी," ती म्हणाली. "हे बाजाराला गेलं की."

"कधीपासून?"

"तुमी सांगितलाव त्या दिसापासून. आधी घरात. मंग जिन्यात. आता खाली देवलापरत जाऊन येतंय."

बिल्डिंगमधल्या सगळ्यांना हे माहीत होतं. पहिल्या मजल्यावरच्या जनाबाई तर रोज खालच्या दरवाज्यात उभ्या राहून सोमा येतोय का ते बघायच्या आणि तो कोपऱ्यावर दिसला की खोकायच्या. संध्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ज्याचं सगळं आयुष्य तपासण्यात गेलं त्या माणसाला.

सोमाला आधी राग आला. मग लाज वाटली. डॉक्टरचं वाक्य त्याच्या डोक्यात नीट उतरायला थोडा वेळ लागला. रखमानं त्याचं ऐकलं असतं तर तिचा पाय त्याच्याच काळजीनं वाया गेला असता. आधी ऑपरेशनच्या वेळी, आणि पुन्हा आता. त्याला रडू आलं आणि त्यानं ते डॉक्टरसमोर आवरलं नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, "मना का नाय सांगितलास गो?"

रखमा चपलेचा पट्टा लावत होती. "तुमी भीत होताव ना. मी पडेन म्हनून तुमचा जीव टांगनीला. मना बी भ्या वाटायचा, पन मी चालून बघू शकत होतंय. तुमी काय करनार होताव? दोघांनी कशाला भ्यायचा?"

ती उठली. वॉकर तिनं त्याच्या हातात दिला, कारण आता तो घरी न्यायला तर हवा होता, आणि ती जिना उतरायला लागली. कठड्याला तिचा हात नुसता टेकलेला होता.

कॅम्प दोनच्या बाजारात नेहमीची गर्दी होती. कापडाची दुकानं, पापडाची दुकानं, मधेच उभे टेम्पो. रखमा त्यातून वाट काढत पुढे चालली, जरा उजवीकडे झुकत, पण न थांबता. सोमा तिच्यामागे वॉकर छातीशी धरून चालला होता. वॉकर लोकांना लागू नये म्हणून त्यानं तो खाली टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. एका दुकानाच्या पायरीवरचे सिंधी मालक ते बघत होते. ते लगबगीनं उठले, गर्दीतल्या दोघांना त्यांनी बाजूला केलं आणि सोमासमोर स्टूल ठेवलं.

"आओ साईं, बैठो थोडा. अकेले क्यों निकले इस हालत में? घर में कोई नहीं है क्या?"

सोमाला त्यांना सांगायचं होतं, की पेशंट मी नाही. पण ते सांगायचं तर पुढे जाणाऱ्या बाईकडे बोट दाखवावं लागलं असतं, आणि त्या चालणाऱ्या बाईकडे बघून कुणाचा विश्वास बसला नसता.

"है," तो म्हणाला. "आगे गयी है." आणि वॉकर बगलेत मारून तो रखमाला गाठायला निघाला. तिला गाठायला त्याला भराभर चालावं लागत होतं.